सवाल

आप्पा जायच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी माहेरी गेले होते, ते सोप्यात कांबळं पांघरून बसले होते. तंबाखूच्या कोठाराकडं बघत मध्येच म्हणाले, "पोरी, त्येला इंजिनेर करायचं राहिलं बघ. हात आखडला माझा." त्याला म्हणजे माझ्या धाकट्या भावाला. भाऊ तोवर चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, पतसंस्थेत चांगल्या नोकरीत. त्याच्या मनातसुद्धा ती गोष्ट उरलेली नव्हती. आप्पांच्या मनात मात्र ती पंचवीस वर्षं मुरत पडली होती.

मी म्हटलं, "जाऊ द्या हो आप्पा." आणि वाट बघत बसले. कशाची, ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं. पुढं ते माझ्याविषयी काही बोलतील असं वाटलं होतं. १९७४ साली मी एस.एस.एल.सी. झाले, शाळेत दुसरी आले, आणि कोल्हापूरच्या कॉलेजात जायचं म्हणून दोन दिवस जेवले नव्हते. ते त्यांना आठवेल असं वाटलं. त्यांनी चहा मागितला.

या गोष्टीवर मी बराच विचार केला. मुलाला हवं त्या कॉलेजात घालता आलं नाही, ही आईबापाच्या मनातली बोच आपल्याला फार जुनी, जणू निसर्गातलीच वाटते. पण ती तेवढी जुनी नाही. तिलाही एक इतिहास आहे, आणि आपल्या समाजापुरता तो थोडाफार सांगता येतो. आपल्या निपाणी-चिकोडीच्या भागात तर तो पायाखालीच आहे. महामार्गावरून जाताना आपण स्तवनिधीला हात जोडतो. तिथंच १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा सुरू झाली. आजची दक्षिण भारत जैन सभा ती हीच.

त्या काळी आपला समाज म्हणजे बहुतेक कुळवाडी, शेतात राबणारा. बाहेरच्यांना जैन म्हटलं की पेढीवरचा सावकार दिसतो. आपल्याकडं मात्र जैन म्हणजे पहाटे उठून बैलांना वैरण टाकणारा माणूस. चौथी झाली की पोरगं शेतावर. पुढं शिकायचं तर कोल्हापूर, बेळगाव, सांगली नाहीतर थेट पुणं. फीपेक्षा अडचण होती ती राहायची आणि जेवायची. सूर्यास्ताआधी जेवण, गाळलेलं पाणी, कंदमुळं वर्ज्य. पोराला परक्या गावात कुठं ठेवायचं? खानावळीत जेवून धर्म बुडेल ही भीती खरीच होती, आणि खानावळीला पैसे नाहीत हेही तितकंच खरं होतं.

सभेच्या लोकांनी यावर बोर्डिंग काढलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभं राहिलं. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांचा पैसा, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय आणि अण्णासाहेब लठ्ठ्यांच्या पिढीची धडपड, असं ते काम. शाहू महाराजांनी तर कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी करायला हात दिला आणि पुढं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. लठ्ठे कुरुंदवाडचे, १८७८ चा जन्म. एम.ए. झाले, वकील झाले, पुढं कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री. बेळगावचं माणिकबाग बोर्डिंग तर आपल्यातल्या कित्येकींच्या सासऱ्या-दिरांनी पाहिलेलं आहे. तिथल्या आमटीच्या गोष्टी ऐकून ऐकून आपले कान किटले आहेत.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पोराला शिकवणं ही एकट्या बापाची गोष्ट राहिली नाही. चार दानांत शास्त्रदान आहे. पूर्वी शास्त्रदान म्हणजे ग्रंथाच्या प्रती करून देवळाला, त्यागींना द्यायच्या. या लोकांनी म्हटलं, गरिबाच्या पोराला शिकवणं हेही शास्त्रदानच. देवळं, पूजा, जेवणावळी यांवर जाणारा पैसा थोडा इकडं वळवा, असं सुधारक मंडळी गावोगाव सांगत फिरली. सगळ्यांना ते पटलं असं नाही. पण ज्याला पटलं त्यानं धान्याचं पोतं दिलं, कुणी खोली बांधून दिली. त्यामुळं ज्याचं पोरगं शिकलं तो बाप समाजाचा ऋणी झाला, आणि ज्याचं शिकलं नाही तो म्हणाला, नशिबात नव्हतं. कर्माचा हिशोब म्हणून सोडून दिलं. मी पोराचा गुन्हेगार आहे, असं मात्र म्हणाला नाही. निदान आमच्या आजोबांच्या तोंडून तसं कुणी कधी ऐकलं नाही, आणि त्यांची चारही पोरं चौथीच्या पुढं गेली नव्हती.

या कोल्हापूरच्या बोर्डिंगातून एक मुलगा काढून टाकला गेला होता, हे आपण सारेच अभिमानानं सांगतो. तो अभिमान जरा विचित्रच आहे म्हणा. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आले, आणि परत आल्यावर आंघोळ करायला तयार झाले नाहीत. बोर्डिंग सुटलं, शाहू महाराजांच्या आसऱ्याला राहिले, मॅट्रिक काही झाले नाहीत. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांच्या मनाला काय वाटलं असेल, याचा विचार मला आई झाल्यावर सुचला. त्याआधी चरित्र वाचताना त्या ओळीवरून मी सरळ पुढं जात होते.

याच भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्याला नेली आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. १९२७ साली गांधीजी तिथं येऊन गेले. पोरांचं खायचं भागवायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. कर्मठ जैन घरातली बाई, सोवळंओवळं पाळत वाढलेली. ती सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हातानं वाढायला लागली. १९३० साली ती गेली. तिच्याविषयी भाषणं फार होतात. पण ती शिकली असती तर, असं कोणत्याही भाषणात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या लेकरांच्या शिक्षणासाठी गळा मोकळा करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या शिक्षणाची हळहळ कुणाला वाटत नाही.

इथं जरा थांबते. आपल्या समाजात बायकांच्या शिकण्याची सुरुवात कुठून झाली, तर श्राविकाश्रमातून. मुंबईत माणिकचंद शेठजींच्या कन्या मगनबाई, सोलापुरात हिराचंद नेमचंदांच्या कन्या कंकुबाई. दोघींचे बाप मोठ्या मनाचे, आणि दोघी लहान वयात विधवा झालेल्या. विधवांना चार अक्षरं यावीत, पायावर उभं राहता यावं, म्हणून आश्रम. त्यांचं काम थोर होतं, त्या आश्रमातून शिकून गेलेल्या बायकांनी पुढं शाळा चालवल्या. पण हिशोब मांडून बघा. मुलग्याला शिकायला बोर्डिंग मिळालं ते तो मुलगा होता म्हणून, आणि बाईला आश्रम मिळाला तो तिचा नवरा मेला म्हणून. ज्यांचे नवरे जिवंत होते त्यांना कशाला हवं शिक्षण? माझी आई १९३३ सालची. तिला णमोकार येत होता, भक्तामर तोंडपाठ होतं, सही येत नव्हती.

पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावर पुरुषमंडळींनी पुष्कळ लिहिलं आहे, मी त्यात पडत नाही. पण घरातला एक परिणाम सांगते. माझे मामा कागल तालुक्यातले, आमच्या गावापासून सायकलवरच्या अंतरावर. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना तिकडं कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फीची सवलत सुरू झाली, ती ई.बी.सी. मामांची दोन पोरं ई.बी.सी.वर शिकली. आम्ही हद्दीच्या अलीकडं. इकडच्या सवलती वेगळ्या, त्यांचे कागद वेगळे, आणि तेही कानडीत. आप्पांना कानडी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. तलाठ्याच्या दाखल्यासाठी चिकोडीला तीन हेलपाटे घातले आणि चौथ्यांदा गेले नाहीत. निपाणीला लागून, पण हद्दीच्या पलीकडं, अर्जुननगरला देवचंद कॉलेज झालं तेव्हा आमच्याकडच्या पोरांची मोठी सोय झाली. निपाणीत जेवून महाराष्ट्रात चालत जाऊन शिकायचं. आता सांगितलं तर पोरं हसतात.

आता आप्पांच्या बोचेकडं येते. भाऊ पी.यू.सी. झाला १९८१ साली. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून ठेवला होता. शरद जोशी आले होते, हजारो माणसं बैलगाड्या घेऊन रस्त्यावर बसली होती. शेवटी गोळीबार झाला, शेतकरी मेले. आप्पा तिथं आठ-दहा दिवस होते. आई भाकऱ्यांची चवड बांधून द्यायची, पाठोपाठ खर्डा. गोळीबाराच्या आदल्या दिवशी ते घरी आले होते म्हणून वाचले, असं आई मरेपर्यंत म्हणायची. ते वर्ष तसं गेलं. कोठारात माल, हातात पैसा नाही.

जूनमध्ये भावानं सांगितलं की इंजिनिअरिंगला जायचं. मार्क बरे होते, फार नव्हते. कर्नाटकात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं तेव्हा निघालेली होती, महाराष्ट्रात ती १९८३ नंतर, वसंतदादांच्या काळात भराभर निघाली. मार्क कमी असले तरी जागा मिळते, डोनेशन द्यायचं, असं कुणीतरी सांगितलं. आप्पा एका कॉलेजात चौकशी करून आले. पंधरा हजार. आम्ही तो आकडा ऐकून गप्प बसलो. विहिरीकडचा तुकडा विकला असता तर जमलं असतं. आप्पांनी गिऱ्हाईक बघितलंही होतं. आई म्हणाली, "विहीर गेली तर बाकीचं रान कशावर भिजवायचं?" भाऊ अर्जुननगरला बी.कॉम.ला गेला.

माझ्या मते ही नवी बोच इथं जन्मली. आधी एखाद्या पोराला कॉलेज मिळालं नाही, तर कारण मार्क कमी, गाव लांब, बोर्डिंगात जागा नाही, राज्य परकं असं काहीतरी असायचं. बापाच्या हातात नसलेलं. आता जागेवर किंमत लिहिलेली आली. किंमत आली की ती देणारा बाप आणि न देऊ शकणारा बाप असे दोन बाप झाले. शेजारच्यानं सहा एकरातले दोन विकले आणि पोराला पाठवलं. मग आमच्या आप्पांना आयुष्यभर दिसत राहिला तो न विकलेला विहिरीकडचा तुकडा.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. १९८४ साली कर्नाटकात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा झाला. कायदा झाला आणि पैसे पावतीवरून पावतीबाहेर गेले, एवढाच फरक आम्हा लोकांना जाणवला. १९९२ साली मोहिनी जैन या मुलीचा खटला सुप्रीम कोर्टात गाजला. ती मेरठची, तिला कर्नाटकातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात जायचं होतं. सरकारी कोट्यातल्या मुलांना वर्षाला २,०००, कर्नाटकातल्या बाकीच्यांना २५,००० आणि राज्याबाहेरच्यांना ६०,००० असे दर ठरलेले होते. कोर्ट म्हणालं, असं पैसे घेऊन शिक्षण विकता येणार नाही, शिक्षण हा हक्क आहे. आमच्या महिला मंडळात तेव्हा तिच्या आडनावावरून आधी चर्चा झाली, खटल्यावरून नंतर. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टानं ते बेतानं घेतलं. खासगी कॉलेजात अर्ध्या जागा फ्री, अर्ध्या पेमेंटच्या, दोन्ही मार्कांवर. १९९४ पासून आपल्याकडं सी.ई.टी. आली. फ्री सीट आणि पेमेंट सीट हे शब्द घराघरात भाजीच्या भावासारखे बोलले जाऊ लागले.

माझी मुलगी त्या रांगेत २००१ साली उभी राहिली. तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणापासून बाहुल्यांचे दात तपासायची, खोटं नाही सांगत. तिचा नंबर फ्री सीटच्या थोडा खाली लागला. पेमेंट सीट मिळत होती, लांबच्या शहरात. फी, हॉस्टेल, मेस, उपकरणं, चार वर्षं. ह्यांनी पाटीवर बेरीज केली आणि पाटी पुसली. आम्ही एका बँकेत गेलो. त्याच वर्षी शैक्षणिक कर्जाची योजना आली होती, पेपरात वाचलं होतं. साहेब म्हणाले, आमच्याकडं अजून सर्क्युलर नाही, शेतीवर तारण द्या, बघू. आम्ही उठून आलो. ४ लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्या एका बाईकडून कळलं, तिच्या मुलीचं झालं तेव्हा. आम्ही एकदाच विचारलं होतं. दुसऱ्यांदा गेलो नाही. तलाठ्याकडं चौथ्यांदा न गेलेल्या बापाची मी मुलगी.

मुलगी बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, आज एका कॉलेजात शिकवते, सुखात आहे. लोक म्हणतात, झालं ते बऱ्यासाठी. म्हणू देत.

मला जे सांगायचं होतं ते अजून सांगितलेलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावात पंचकल्याणक पूजा झाली. आपल्याकडं सवाल कसे होतात ते तुम्हाला माहीत आहे. मांडवात माईकवरून आकडा पुकारला जातो, कुणीतरी चढवतो, टाळ्या, पुन्हा आकडा. अभिषेकाचा पहिला कलश कुणाचा, सौधर्म इंद्र-इंद्राणी कोण, सारं बोलीवर. आमच्या घराण्यात तोवर कुणी इंद्र झालेलं नव्हतं. सासूबाईंची इच्छा होती, त्या थकल्या होत्या. ह्यांनी हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली. नुसती हलवली नाही, आनंदानं हलवली, हेही लिहून ठेवते. सौधर्माचा मान नाही, एका खालच्या इंद्राचा आम्हाला मिळाला. तो आकडा आणि पेमेंट सीटच्या पहिल्या वर्षाची फी यांत फारसं अंतर नव्हतं.

पुण्याची गोष्ट आहे, त्याचा पस्तावा करू नये असं शास्त्र सांगतं. महाराजांना मी एकदा विचारलं होतं, दोन्हींतलं दान कोणतं? ते म्हणाले, भाव शुद्ध असेल तर दोन्ही. उत्तर बरोबर असेल. पण स्तवनिधीला शंभर वर्षांपूर्वी जमलेल्या लोकांनी हाच सवाल विचारला होता, आणि त्यांनी उत्तर देताना बोर्डिंगची खोली बांधली होती. त्यांचा फोटो आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्याच हॉलमध्ये आम्ही सवालाचे पैसे भरले.

आप्पांवर मी मनातल्या मनात पुष्कळ रागावले होते. मुलाची हळहळ करता, मुलीची का नाही, म्हणून. मुलीच्या बाबतीत मी हळहळले, एवढं आमच्या दोन पिढ्यांत पुढं सरकलं, हेही खरं आहे. पण आप्पांचा हात आखडला तेव्हा हातात खरंच काही नव्हतं. विहीर होती, ती रानाला पाणी देत होती. माझ्या हातात आदल्या वर्षी होतं.

दशलक्षण संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मुलीचा फोन येतो. ती म्हणते, "उत्तम क्षमा आई." मी म्हणते, "उत्तम क्षमा बाळ." दरवर्षी त्यापुढं काहीतरी बोलायचं मनात असतं. मग ती विचारते गुडघा कसा आहे, आणि मी गुडघ्याचं सांगत बसते.

त्या पूजेतला आमचा फोटो हॉलमध्ये टांगलेला होता. दोघांच्या डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, हे घामेजलेले, मी हसते आहे. दोन वर्षांपूर्वी रंगकाम काढलं तेव्हा मी तो उतरवून माळ्यावर ठेवला. दिवाळीला मुलगी आली. भिंतीवरचा चौकोन तिला लगेच दिसला. म्हणाली, "आई, तुमचा इंद्र-इंद्राणीचा फोटो कुठं गेला गं? छान होता."

मी म्हटलं, काच फुटली. काच फुटलेली नव्हती.